समोरच्या भिंतीवर माझी नायिका

मत्सर हा शब्द मला फार सोज्ज्वळ वाटतो. त्या वर्षी माझ्या पोटात जे होत होतं त्याला उज्जैनमध्ये 'जलन' म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. मी सातवीत होते. जिच्यावर जळायचे ती मुलगी आमच्या दारासमोरच राहायची, त्यामुळे जळण्यात कधी खंड पडला नाही.

माझी एक नायिका होती, मी स्वतः तयार केलेली. बाबांच्या बँकेत नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यातून निघणारे, दोन्ही कडांना भोकं असलेले लांबलचक कागद रद्दीत जायच्या आधी बाबा घरी आणायचे, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी तिला काढायचे. गुडघ्यापर्यंत वेणी असलेली ही बाई गावोगाव एकटी फिरायची, राक्षसासमोर ताठ उभी राहायची आणि न लढता जिंकायची. न लढता, कारण मला हात काढता येत नसत. बोटं काढायला गेलं की गाजरांची जुडी व्हायची. म्हणून तिचे दोन्ही हात कायम पाठीमागे. कुणी विचारलंच तर मी गूढ चेहरा करून सांगायचे की तिने मागे काहीतरी धरलंय, वेळ आली की कळेल. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

समोरची स्वतःचं काहीच तयार करत नसे. देवास गेटजवळच्या दुकानातून भाड्याने आणलेल्या कॉमिक्समधले हिरो, गल्लीत नव्यानेच आलेल्या केबलवरची कार्टूनमंडळी, जे आवडेल ते ती काढायची. आणि काय काढायची! मूळ चित्रात चिडलेला हिरो तिच्या कागदावर जास्त चिडलेला दिसायचा. गल्लीतली पोरं वह्या घेऊन तिच्या ओट्यावर रांग लावायची. माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. मी मनाची समजूत घालायचे की ती उतरवते, मी निर्माण करते, नकलेला काय अक्कल लागते? पण संध्याकाळी खिडकीतून तो भरलेला ओटा दिसला की ही समजूत काही कामाची उरायची नाही. "अगं, ताकझाक काय करतेस? जा ना तू पण," असं आई म्हणाली की मी धाडकन खिडकी लावून घ्यायचे.

एका दुपारी ती आमच्याकडे आली. माझे कागद जमिनीवर पसरून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले, मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही. मग जरा लाजून म्हणाली, "तेरी वाली बनाऊँ मैं?"

मी हवेत गेले. तिच्या आवडत्यांच्या रांगेत माझी नायिका! "बना ले," मी राणीच्या थाटात म्हटलं.

"पर इसने पीछे पकड़ा क्या है?"

"सीक्रेट है," मी म्हटलं. मला कुठे ठाऊक होतं? ती मान डोलावून गेली. त्यानंतर मी रोज वाट बघत होते, पण माझी नायिका तिने कागदावर काही काढली नाही.

मग पितृपक्ष लागला. आमच्या माळव्यात त्या दिवसांत मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा मांडतात, पाकळ्यांनी आणि चमकीच्या कागदाने ती सजवतात, गाणी म्हणतात. "आपला हादगा, त्यांची संजा," आई म्हणायची. कुठल्या तिथीला काय मांडायचं ते ठरलेलं असतं. अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला म्हातारा-म्हातारी, त्यात कुणी आपली अक्कल चालवत नाही. शेवटी येतो किलाकोट. भलामोठा कोट, त्यात चंद्र, सूर्य, शिडी, बैलगाडी, ढोलवाला, सगळं जग. तिथे मात्र थोडी मोकळीक असते.

किलाकोटाच्या संध्याकाळी मी आरतीला गेले तर तिच्या भिंतीसमोर बायकांची दाटी झाली होती. कोटाच्या दारात माझी नायिका उभी होती. वेणीवरून मी तिला लगेच ओळखलं. पण ती पाठमोरी होती. तोंड कोटाकडे, पाठ आमच्याकडे, आणि हात उघड्यावर. शेवयांइतक्या बारीक शेणाच्या वळ्यांची बोटं, एकेक सुटं, नखांच्या जागी तेरड्याच्या पाकळीचे कण. त्या हातांत तलवार नव्हती, मंतरलेलं काही नव्हतं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं.

"कुछ नहीं है इसके पास," समोरची माझ्या कानाशी म्हणाली. "हाथ काँपता है इसका, तो पकड़ के रखती है। सामने वाले को दिखना नहीं चाहिए। सही है ना?"

सही होतं. त्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगल्या बोटांवर जळत होते तोवर ठीक होतं, बोटं सरावाने येतात. पण इतके दिवस मी जिला राक्षसांसमोर उभी करत होते, तिला भीती वाटते हे मला कधी सुचलं नव्हतं. आपलं मूल शेजारणीच्या मांडीवर जाऊन मनातलं बोलावं, तसं झालं होतं.

एका काकूंनी विचारलं, "कितनी सुंदर है! कौन है ये?"

"इसकी है," समोरचीने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "मैंने तो बस बनाई।"

सगळ्या माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि परत भिंतीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. मुली संजा नदीत शिरवायला निघाल्या तेव्हा मीही गेले. भक्तीबिक्ती काही नाही, मला माझी नायिका बुडताना बघायची होती. घाटावर तर्पणाची झुंबड होती. त्यातून वाट काढत आम्ही क्षिप्रेच्या पायऱ्या उतरलो. टोपलीत किलाकोट खरवडून भरला होता, नुसते वाळके तुकडे आणि कोमेजलेल्या पाकळ्या. त्यातली ती कुठली, हे मला ओळखता येईना. समोरचीने टोपली पाण्यात उपडी केली. तुकडे थोडा वेळ तरंगले, मग विरघळून गेले. मी सुटल्यासारखं वाटायची वाट बघत उभी राहिले. तसं काही वाटलं नाही. ते मनगट डोळ्यांपुढून हलेना.

टोपली विसळता विसळता ती म्हणाली, "अब आगे क्या करेगी ये? तू बता, तेरी है।"

अगदी मनापासून म्हणाली. 'मेरी है' म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

हाच प्रश्न सकाळपासून माझ्या जिभेवर होता, आणि तो मला तिला विचारायचा होता.