भाऊजींच्या गाडीचे मागचे दिवे

नागपूर स्टेशनात उतरलो तेव्हा पिशवीत सांगलीची हळद, ताईसाठी बेदाणे आणि मोटारीच्या मागच्या दिव्यांचे एलईडी बल्ब होते. हळद आणि बेदाणे दरवेळचेच. बल्बांबद्दल मी घरी कुणाशी बोललो नव्हतो. एकूणच मी कमी बोलतो, त्यामुळे लोक मला सज्जन समजतात. हा लेख तो गैरसमज दूर करण्यासाठी लिहितो आहे.

ताई मनीषनगरला राहते. तिथे दर खेपेला एखादी नवी इमारत उभी राहिलेली असते आणि मी दर खेपेला गल्ली चुकतो. यंदाही चुकलो. शेवटी खूण पटली ती भाऊजींच्या गाडीमुळे. साईच्या रंगाची, गोलमटोल पाठीची, आमच्या जन्माच्या आधीची गाडी. पुढून बघितली तर माणूस प्रेमात पडेल. मागचे दिवे मात्र पेढ्याएवढे, आणि त्यांचा उजेड निरांजनाएवढा.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगतो. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत एक रिवाज आहे. निघण्याआधी एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून 'लागला' म्हणून ओरडायचं. मागच्या खेपेला भाऊजींच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल नागपूरजवळच्या मौद्याकडे निघाली, तेव्हा मागे मी उभा होतो. काचेवर ऊन होतं. हाताची सावली धरून, वाकून बघायला हवं होतं. पण माझ्या हातात चहाचा कप होता. मी 'लागला' म्हणालो.

परतताना दिवस मावळत होता. मौद्याजवळ शेळ्यांचा कळप आडवा आला, भाऊजींनी ब्रेक दाबला आणि मागून मोटरसायकल येऊन आदळली. चालवणारा देवीदास, कंत्राटी कामगार. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मागच्या दोन्ही दिव्यांचा चुरा झाला होता (भाऊजींनी पुढे तसेच जुने शोधून बसवले), त्यामुळे तपासायला काही उरलंच नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी ठामपणे सांगितलं, "दिवा लागत होता, मी स्वतः पाहिलाय." त्या एका वाक्यावर चूक देवीदासच्या नावावर गेली. दिवा लागत होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी पाहिलं नव्हतं, एवढं माहीत आहे.

जेवण झाल्यावर मी बल्ब काढून टेबलावर ठेवले.

"हे काहून (कशाला) आणले?" भाऊजींनी विचारलं.

"मागचे दिवे उजळ करायला."

"क्लबवाले म्हणतील गाडी मूळची नाही राहिली. आन् आता दिवे बदलले तं त्याचा अर्थ काय होते? पहिलेचे खराब होते, असाच ना?"

"असाच."

"जयंता, ते प्रकरण मिटलं आहे."

"तुमच्यापुरतं."

ताई स्वयंपाकघरातून आली आणि तिने गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "मिस्त्रीकडे नेऊन टाक रे. हे पुढे बसतात, मागच्या सीटवर मी बसते."

भाऊजींनी किल्ली उचलली. "माही गाडी हा चालवणार? हा तं क्लच जाळून टाकीन. चल, मीच येतो."

बबन मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे कडुलिंबाखालचं पत्र्याचं छप्पर. त्याने लाल काच काढली आणि आत बोट फिरवून काळं बोट आम्हाला दाखवलं. "अंदर तं काजळ जमलं हाय. बल्ब बिचारा काय करन?" त्याने आतला पत्रा घासला, त्याला चंदेरी रंग दिला, गंजलेली तार टाकून जाड तार ओढली. मग माझे बल्ब हातात घेऊन हसायला लागला. "साहेब, हे पांढरे हायेत. लाल काचेमागं पांढरा एलईडी टाकला तं गुलाबी दिसते. वरात काढाची हाय का?"

सांगलीहून जपून आणलेले बल्ब पिशवीत परत गेले. बाजारातून लाल आणवले, बसवले, ब्रेक दाबला. अंधार. दुसरी जोडी लावली. अंधार. बबनने दुकानदाराला शिव्या घातल्या, दुकानदाराच्या मालाला घातल्या. भाऊजी पालथ्या खोक्यावर बसून वर्तमानपत्र वाचत असल्याचं सोंग करत होते. गाडीबद्दल कुणी चुकीचं बोललेलं मात्र त्यांना सोसत नाही.

"बबन, काय करून राहिला गा? या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीले जोडलं हाय. आजकालच्या गाड्यांसारखं मायनस नाही, म्हणून एलईडी उलटा पडते. होल्डरखाली रबर टाक आन् तारा उलट्या घे!"

बोलून गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. पण उशीर झाला होता. बबनने तारा उलटवल्या, आणि भर दुपारी, रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापासून मला ते दिवे लालभडक दिसले. भाऊजी उठून मागे येऊन उभे राहिले. "डोळ्यात खुपते," ते म्हणाले, आणि बराच वेळ बघत राहिले.

"आता मौद्याला जायचं," मी म्हणालो.

"दिवा दाखवाले?"

"देवीदासला भेटायला."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी बगलेत धरली आणि गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडी पुसून तयार होती. मला वाटतं, दिवे दाखवून काम भागेल अशी त्यांची समजूत होती. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्यांचा जहाल रस्सा) खाल्ले. माझं नाक वाहायला लागलं तसे भाऊजी हसले. आमच्यातलं त्या प्रवासातलं ते शेवटचं हसू. पुढे भंडाऱ्याचा रस्ता, कापलेल्या धानाची शेतं, आणि दूर वीजकेंद्राच्या चिमण्या.

देवीदास आता मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची वाळवण्याचं मोकळं आवार) वजनकाट्याशी बसतो, असं गावात कळलं. आवारभर लाल मिरची पसरली होती. बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या. आत पाऊल टाकताच मला ठसका लागला. देवीदासने एक पाय काठीसारखा सरळ लांबवला होता. त्याने मला ओळखलं. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि खाली मान घालून, हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी पिऊन होतो असं गावभर झालं साहेब. सासुरवाडीत गेलो का अजून पुसते, आज तं नाही ना घेतली? आन् तुमी माह्या कानात काहून सांगून राहिले? मोठ्यानं सांगा."

मी उभा राहिलो. ठसका, डोळ्यांत पाणी, तरी ओरडून सांगितलं. हा माणूस प्यायलेला होता असं कुणी पाहिलं नव्हतं. आमचा दिवा मी पाहिला नव्हता. पोलिसांना मी खोटं सांगितलं.

देठ खुडणारे हात थांबले. एकजण म्हणाली, "इतके दिवस तोंडात मिरची धरली होती का गा?"

"थांब वं, बोलू दे त्याले," दुसरी म्हणाली.

"माफी मागतो," मी म्हणालो.

"माफी ठेवा तुमच्यापाशी. ठाण्यात चला."

भाऊजी फाटकात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जयंता, गाडीत बस."

"नाही."

"ठाण्यात गेला तं माह्या घराची पायरी चढू नको."

"मग माझी पिशवी ताईला स्टेशनवर आणायला सांगा."

ते निघून गेले. वळणावर गाडी थांबली, तेव्हा मागचे दोन्ही दिवे असे पेटले की एक बाई हात कपाळाला लावून म्हणाली, "इथून दिसते, बाप्पा!"

ठाण्यातला हवालदार कंटाळला होता. "फाईल बंद झाली. आता काहून उकरून राहिले? खोटा जबाब दिला म्हणून तुम्हालेच त्रास होईन."

"होऊ द्या. लिहून घ्या."

"साहेब नाहीत."

"बसतो."

बाकावर देवीदास माझ्या शेजारी बसला. त्याने खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पुडी सोडली, चिमूट तोंडात टाकली आणि पुडी खिशात ठेवली. मला विचारलं नाही. बरोबरच होतं. साहेब आले, मी बोललो, त्यांनी लिहिलं, मी सही केली. देवीदासने तो कागद दोनदा वाचायला लावला आणि मग लंगडत निघून गेला. मी एसटीने नागपूरला परतलो. डोळे चोळल्यामुळे मिरची डोळ्यांत गेली होती. शेजारच्या बाईंना वाटलं घरात कुणी गेलं असावं. त्यांनी मला पाणी दिलं.

ताई स्टेशनवर आली ती पिशवी आणि डबा घेऊन. "घरी ये म्हणायची सोय राहिली नाही," म्हणाली. डब्यात पाटोड्या होत्या.

प्रवासाहून परतताना मन हलकं झालं असं लिहायची पद्धत आहे. माझं झालं नाही, आणि व्हावं असं वाटतही नाही. देवीदास अजून लंगडतोच आहे. पण मला आता गप्प बसवत नाही. ज्यांना हे छापल्याचा राग येईल त्यांना तो खुशाल यावा.

वर्ध्याच्या पुढे ताईचा फोन आला. "ऐक रे, ह्यांनी जुने बल्ब परत लावले. क्लबची गाडी आहे म्हणतात."

"त्यांना दे."

"घेत नाहीत."

"मग आवाज मोठा कर." तिने केला असावा, कारण मागे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. "भाऊजी, गाडी तुमची आहे. बल्ब हजारदा काढा, मी हजारदा बसवायला येईन, पायरीवर बसून राहीन. पण मौद्याच्या ठाण्यात मी सही करून आलोय. ती काढून दाखवा."