मागच्या रांगेतली माणसं

हे गेले ते डहाणूच्या दवाखान्यात. मी त्यांचा डबा घेऊन वाणगावच्या रिक्षा स्टँडवर उभी होते. शेजारच्या कमलने येऊन डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि मला खाली बसवलं. तिला कळलं कुठून, तर आमच्या पुतण्याच्या स्टेटसवरून. नितीन दवाखान्यात ह्यांच्याजवळच होता. मला फोन करायच्या आधी त्याने ह्यांचा फोटो टाकला होता, खाली जोडलेल्या हातांची चित्रं... तेव्हापासून तोंडात जी कडू चव आली आहे, ती अजून गेलेली नाही.

हे लग्नाचे फोटो काढायचे. सायवन, तलासरी, पार डोंगरातल्या पाड्यांपर्यंत जायचे. रोलचा जमाना गेला तेव्हा डिजिटल कॅमेरा घेतला, पण लेन्स जुनीच ठेवली. मध्ये एक रिंग बसवून ती जोडायची. नवीन कॅमेरा तिला ओळखत नाही, फोकस हातानेच फिरवावा लागतो. नितीन हसायचा, काका, विमानाला बैल जुंपलेत तुम्ही. हे म्हणायचे, विमान तुझं, बैल माझे.

लेन्सवर दोन कडी असतात, एक फोकसचं, एक उजेड कमीजास्त करायचं. हे उजेडाचं कडं बारीक करून ठेवायचे आणि फोकसचं एका ठरलेल्या जागी. मग नवरानवरीपासून मागे कुडाला टेकून उभ्या असलेल्या बायकांपर्यंत सगळे स्पष्ट येत. कमी उजेड नवीन कॅमेरा सांभाळून घेतो, त्यासाठीच तर तो घेतला, असं म्हणायचे. नजर अधू झाली तेव्हा त्या ठरलेल्या जागेवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला. कुठल्या तरी पाड्यावरची म्हातारी वारली की तिच्या घरचे आमच्याकडे यायचे. तिचा तेवढा एकच फोटो असायचा, दुसऱ्याच कुणाच्या लग्नात मागे उभी असतानाचा. मागच्या रांगेतलं माणूसही कुणाचं तरी असतं, हे म्हणायचे...

बाराव्याला नितीनने फोनवर व्हिडिओ दाखवला. ह्यांना उचललं तेव्हाचे फोटो, ह्यांच्याच कॅमेऱ्याने काढलेले, मला न विचारता. त्यावर गाणं लावलेलं. उजेडाचं कडं पूर्ण उघडलेलं, म्हणून ह्यांचा चेहरा तेवढा लख्ख, नाकातल्या कापसासकट, आणि मागे नुसता धूर. पंगतीतला एकजण वडा चावत म्हणाला, अगदी सिनेमासारखं झालंय. मला त्याच्या चावण्याची शिसारी आली. ह्यांची थोरली बहीण तलासरीहून आली होती. ह्यांना नेईपर्यंत ती उशाशी बसून होती. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

“मी कुठंय रे ह्यात?”

“आत्या, तू मागे आहेस, ब्लर आहेस. तोच तर जुन्या लेन्सचा लुक.”

तिने फोन परत दिला आणि पदराने हात पुसले. तिच्या शेजारी त्या धुरात एक पिवळा डाग होता. माझी साडी.

मग नितीन म्हणाला, लेन्स मी घेऊन जातो, रील्सला लागेल, इथे पडून काय होणार. वर हेही सांगितलं की तिच्यावर काहीतरी लाल घाण चिकटली होती, ती त्याने पुसून टाकली.

मी चारचौघांत बोलत नाही. मी उठले आणि त्याच्या मांडीवरचा कॅमेरा उचलला.

“काकी, तुला काय कळतंय त्यातलं?”

“माणसं पुसायला ही लेन्स नाही,” मी म्हणाले. कॅमेरा आत नेऊन मी दाराला कडी लावली.

आता घरातले म्हणतात, हिला हाव सुटली. नितीनने बोलणं टाकलं आहे. म्हणू देत. त्यांच्या हातचं पाणीही मला नको वाटतं.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून हे ती जाड कापडात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. मीही तिथेच ठेवली आहे. रोज भाताला तांदूळ काढताना आधी ती बाहेर काढावी लागते. कापडातूनही हाताला गार लागते... एकटीपुरता मूठभर तांदूळ काढते आणि तिला परत आत ठेवते.