दाजींची चाकांवरची भट्टी

दाजी बोलता बोलता मध्येच थांबत आणि डावीकडे मान वळवून ऐकत. डावीकडे कोणी नसे. अक्का गेल्यापासूनची ही सवय. आम्ही घरातले तेवढा वेळ गप्प राहायचो. त्यांचं ऐकून झालं की बोलणं पुढं चालू.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भोकरदनला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत. अक्का लग्नाकार्यात कोंबडी-मटण भाजून द्यायची. जाईल तिथं खड्डा खणायचा, विटा रचायच्या, वर जाळी टाकून धुरात वाकायचं. "आवो, एक भट्टी चाकावर करून द्या ना," ती म्हणायची. "करून राह्यलो ना," हे दाजींचं ठरलेलं उत्तर. आधी गिऱ्हाइकांच्या ट्रॉल्या. अक्काची छाती धुरानं भरत गेली, आणि एका हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर दाजींनी दुसरं काम घेतलंच नाही. लोखंडी पिंप उभं चिरून त्याला झाकण केलं, खाली जुन्या जीपचा आख बसवला. जाळीची उंची ठरवायला मला उभं केलं, माझ्या कोपरापाशी खडूनं खूण केली आणि पुसून ती थोडी खाली घेतली. "तू तिच्याहून उंच हायेस," एवढंच म्हणाले. धुराडं तर किती वेळा कापलं आणि जोडलं. वारा कुठूनही येवो, धूर भाजणारीच्या डोक्यावरून जायला हवा होता.

जीपमागं जोडून पहिल्यांदा धावड्याच्या रस्त्याला लागलो तर भट्टी मागं झोकांड्या खाऊ लागली. दाजींनी जीप कडेला घेतली, डावीकडे वळून ऐकलं. "बराबर हाय तिचं. वजन मागं पडलं." मग विस्तवाची पेटी त्यांनी हुकाच्या बाजूला सरकवली. भट्टी सरळ चालू लागली.

पुढं ते रोज संध्याकाळी आमच्या अंगणात ती पेटवत. जाळीवर काहीच नसे. नुसते उभे राहून धुराकडे बघत. आईला ते बघवेना. शेवटी मी म्हटलं, "दाजी, धावड्याच्या कमलबाई अक्कासारख्याच भाजायच्या ऑर्डरी घेतात. त्यांना देऊ या?"

त्यांनी भट्टीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "दे."

त्या भट्टीवर कमलबाईंनी घेतलेल्या पहिल्या लग्नाच्या ऑर्डरीला आम्ही दुपारी गेलो. शेताच्या कडेला, पदर खोचून, पाठमोऱ्या त्या तुकडे उलटत होत्या. दाजी थबकले.

"सुमन," त्यांनी अक्काच्या नावानं हाक मारली.

"ओ," कमलबाई न वळता म्हणाल्या.

"धूर लागतो का गं?"

"न्हाई लागत. बिलकुल न्हाई."

दाजी तिथंच बांधावर बसले. ताट मी तिथंच नेलं. कितीतरी महिन्यांनी ते पोटभर जेवले.

दाजी गेले त्यानंतर मी एकदा कमलबाईंना सांगितलं, ती हाक तुम्हाला नव्हती.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "पण कुनी तसं बोलावलं, तर ओ द्यायलाच लागती."