हळदीतलं कोरडं नाक

लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या हळदपेठेत एका व्यापाऱ्याचा खरेदीदार होतो. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. बोटं कुणाला दिसत नसत, पण भाव चढू लागला की मला शिंकांवर शिंका येत. समोरचा अडत्या ओळखायचा, हा आता घायकुतीला आलाय, अजून चढेल. नाकाला तूप लावून पाहिलं, फडकं बांधून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

तिथं एक हमाल दिवसभर हळदीची पोती ओतायचा. मिशा पिवळ्या झालेल्या, नाक मात्र कोरडं. त्याच धुरळ्यात बसून तो निवांत भाकरी खायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. मी त्याचं नावही कधी विचारलं नाही.

एकदा तोच म्हणाला, "आवं, हळदीला कशाला बोल लावता? सकाळधरनं हितंच हाय की तुमी, एक शिंक न्हाई. रुमाल टाकला की सुरू."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मग एका दुपारी पलटणीतल्या मुलाचं पत्र घेऊन तो माझ्याकडे वाचून घ्यायला आला. मी पाकीट फोडेपर्यंत त्याला सात-आठ शिंका आल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "वाचा की," एवढंच म्हणाला. मुलगा खुशाल होता, सुट्टीवर येणार होता. हमालानं डोक्याच्या पटक्यानं नाक पुसलं आणि पुढचं पोतं उचललं.

मी आयुष्यभर शिंकलो ते मालकाच्या हळदीपायी. त्या दिवशी मला त्याच्या शिंकांचाही हेवा वाटला.