अंथरायचं का पांघरायचं

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला का सांगतोय — विचारू नका. थकलोय, एवढंच.

आठवडे बाजारात चादरी विकत मी वर आलो. जीभ तिखट, भाव पक्का. आता लेण्याद्रीच्या रस्त्याला माझं गोधड्यांचं दुकान आहे. कापडावर हाताने काढलेली नक्षी — तीच माझी ओळख. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने ती मशीनवर छापली, तेव्हा भर दुकानात त्याला चोर म्हणालो. अजून आठवलं की डोकं फिरतं. पण नक्षी माझी होती का?

ती हौसाबाईची. वरच्या डोंगरातली बाई. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढून त्यात देवी बसवायची, तर तिथं हौसाबाईच लागायची. तिला मी गेरूने रंगवलेलं कापड दिलं. म्हटलं, मावशी, गोधडीसाठी चौक काढून द्या. बांबूची काडी हातात घेऊन ती थांबली.

"भाऊ, हे अंथरायचं का पांघरायचं?"

"पांघरायचं."

"मंग चालंल. देवी अंगावर असावी, अंगाखाली न्हाई. खोटं बोलाल तर गोधडीत ढेकूण व्हतील बरं!"

ती हसली. मीही हसलो.

खोटंच होतं ते. गिऱ्हाइकं त्या गोधड्या गादीवर घालायलाच नेणार, हे मला कळत नव्हतं? एक तर मीच दुकानात बैठकीला अंथरली — नक्षी उठून दिसावी म्हणून.

एकदा तिच्याच गावच्या बायका दर्शन करून दुकानात शिरल्या. चौकावर गिऱ्हाइकांचे पाय. त्या दारातच थबकल्या. "हौसाला ठावं हाय का ह्ये?" एकीने विचारलं.

'नाही' म्हटलं असतं तर — काय गेलं असतं? पण समोर गिऱ्हाईक, सौदा जमत आलेला. म्हणालो, "तिला सांगूनच काढून घेतलंय." भांडायला मला केवढं तोंड!

त्यानंतर चौकाला तिला कुणी बोलावलं नाही. देवी पायाखाली घालणारी, म्हणतात. ती एकदा दुकानात आली. बसली नाही. "भाऊ, तुमी एकडाव येऊन खरं सांगा गावात." मी म्हटलं, बघू, सीझन चालू आहे.

यंदा वैशाखात तिच्या नातीचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं. घरातला चौक दुसऱ्याच बाईने काढलेला. हौसाबाई मागच्या अंगाला चुलीपाशी भाकरी थापत होती. सगळं गाव मांडवात होतं. मी जेवलो आणि गाडी काढली.