साखळीवरचा हात

हिमाचलातल्या त्या पायवाटेवर एका वळणाला कातळात लोखंडी साखळी ठोकलेली होती. भर दुपारचं ऊन होतं, पण नावापुरतं. एका बाजूला दरी, पायाखाली काचेसारखा बर्फ. पुढे सुनंदा होती, कॉलेजपासून माझ्याबरोबर गड चढणारी मैत्रीण. साखळीपाशी येताच तिने दातांनी हातमोजा ओढून काढला, खिशात कोंबला आणि उघड्या हाताने साखळी धरली. आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं. अवघड जागी हात मोकळा करायचा आणि मगच पकड घ्यायची, ही आमची सवय.

"हात निघत नाहीये गं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. घामेजलेला तळवा गोठलेल्या लोखंडाला चिकटला होता.

"ओढू नकोस. हलूसुद्धा नकोस."

मी थर्मास काढला. बोटं इतकी बधिर झालेली की झाकण फिरेना. शेवटी एकदाचं फिरलं आणि आमचा कोमट झालेला आल्याचा चहा मी तिच्या हातावर बारीक धारेने ओतत राहिले. हात हळूहळू सुटला.

हाताला कोण समजावणार? डोळ्यांना बर्फ दिसतो, डोक्याला थंडी कळते. पण जिवावर बेतलं की हाताला स्वतःच्या कातडीशिवाय कशाचाच भरवसा वाटत नाही. कदाचित माणसं धरतानाही आपण असंच करत असू.

हातमोजा चढवून सुनंदा पलीकडे गेली. आता पाळी माझी होती. साखळीवरचा चहा गोठू लागला होता. मी पाऊल उचललं, आणि लक्षात आलं, माझ्या हातमोज्याचं टोक माझ्याच दातांत होतं.