परमुलखातली भाकरी

माझ्या थोरल्या मुलीचं खाणं म्हणजे घरादाराला ताप होता. सहा वर्षांची झाली तरी ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा खायची, तोही तव्यावरून उतरल्या उतरल्या. उरलेली भाकरी आम्ही संपवायचो. चपातीला ती हात लावत नसे आणि भात दिसला की तोंड फिरवायची. घरी हे लाड चालून गेले. पण तिच्या मानेला मोठं गळू झालं, ताप उतरेना, आणि आष्टीकडून बैलगाडीनं तिला नगरला न्यावं लागलं. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य, म्हणजे मोगलाई, आणि नगरला इंग्रजाचं. नाका ओलांडला की परमुलूख. बायको बाळंतीण होती, म्हणून मी एकटाच पोरीला घेऊन गेलो.

डॉक्टरनं तिचे डोळे पाहिले, नाडी पाहिली. "अंगात त्राण नाही. सकाळपर्यंत पोटात अन्न गेलं तर कापतो. नाहीतर परत न्या," म्हणाला. परत नेली तर ती वाचत नाही, हे त्यानं न सांगताच मला कळलं. घरून बांधून आणलेल्या भाकरी वाटेत वाळून कडक झाल्या होत्या. पोरीनं त्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दिवस कलताना खाणावळीत पंगतीला बसलो. चपाती, भात, गूळ घातलेली आमटी. पोरगी ओठ मिटून बसली. मी चुचकारलं, मग दटावलं, मग भाताचा घास बळंच तोंडात कोंबला. तिनं तो पत्रावळीवर ओकला. शेजारची माणसं जेवता जेवता थांबली. "मोगलाईतली दिसतात," वाढपी म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. माझं डोकं फिरलं. मी पोरीच्या पाठीत धपाटा घातला. तापानं फणफणलेल्या लेकराला मारलं, त्याची लाज मला अजून वाटते.

भरल्या पंगतीतून उठून तिला खांद्यावर टाकलं आणि बाहेर आलो. रस्त्यापलीकडे लिंबाखाली एक बाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती. पोरीनं मान वळवली. "आबा, मला ती पायजे," म्हणाली.

बाईचं लुगडं, बोलणं आमच्याच बाजूचं. पाटोद्याकडून नवऱ्याबरोबर खडी फोडायला आलेली. मी भाकरी मागितली तशी तिनं हात आखडता घेतला आणि आपली जात सांगितली. आमच्या गावात ती माणसं वेशीबाहेर राहत.

"आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई, मालक."

"इथं कोण बघतंय? दे."

"तुमाला कुणी काय म्हननार न्हाई. गावाकडं कळलं तर आमाला जित्तं ठेवायचे न्हाईत."

उभ्या आयुष्यात मी कुणापुढे वाकलो नव्हतो. त्या बाईपुढे हात जोडले. लेकराची शपथ घेऊन सांगितलं की कुठं बोलणार नाही. ती पोरीकडे बघत राहिली. मग तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सोलला, फुंकर घातली आणि आपल्या हातानं भरवला. पोरीनं तीन भाकरींचे पापुद्रे खाल्ले. सकाळी डॉक्टरनं गळू कापलं.

आठवड्यानं परत निघालो. नाक्यावर गाडी थांबली तर ती बाई आणि तिचा नवरा गावाकडे चालत निघालेले. तिनं ओळख दाखवली नाही. लांब उभी राहून म्हणाली, "मालक, पानी मिळंल का?"

मी तांब्या घेऊन खाली उतरलो. तिनं ओंजळ पुढे केली, आणि मी सवयीनं तांब्या उंच धरून वरून धार सोडली. ती पाणी प्याली.

गाडीतून पोरगी म्हणाली, "आबा, तांब्याच दे की तिला."

नाक्यावरचा शिपाई बघत होता. मी पोरीला गप बस म्हणालो आणि बैल हाकले.